‘आंबा खा’ला पाच गुण

तोंडी परीक्षेत आंबा खाण्यासाठी पाच गुण ठेवणारी शिक्षिका आख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच असेन. त्या परीक्षेत माझा चौथीचा सगळा वर्ग शून्यावर बाद झाला, आणि त्याच दिवशी मला कळलं की माझ्या वर्गाला मराठी येतं! निवृत्त होऊन आता बरेच दिवस झाले, पण ती दुपार आठवली की मला अजून खुर्चीवर बसवत नाही. उठून फेऱ्या मारायला लागते. धाकटी बहीण हसते. म्हणते, "लो, शुरू हो गई इनकी एटापल्ली."

तर होऊ दे सुरू.

एटापल्लीहून जीप जिथवर जायची तिथं उतरायचं आणि दोन नाले पायी ओलांडायचे. मग माडिया गोंडांची पंचवीस-तीस घरं आणि आमची शाळा. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक; मराठी मात्र चारही वर्गांना मीच शिकवायची. मोठे रामटेके गुरुजी. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. आणि मी, वडशाच्या शिंपी मोहल्ल्यातली शेखबाई, जिचा आवाज कधी उतरलेला गुरुजींनी ऐकला नाही. नव्वदीच्या दशकातली गोष्ट आहे. दर मार्चला अब्बा बदलीचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहून पाठवायचे, मी सही करायची आणि दर जूनला परत त्याच दोन नाल्यांवर उभी असायची.

लोकांना वाटतं, प्राथमिक शिक्षक म्हणजे मुळाक्षरं गिरवून घेणारा माणूस. अहो, मुळाक्षरं सोपी असतात. ज्या पोराच्या घरात मराठीचा एक शब्द नाही त्याला तुम्ही ‘क कमळाचा’ म्हणता, तेव्हा त्याच्यापुढे दोन अनोळखी पाहुणे एकदम येऊन बसतात, क पण आणि कमळ पण. पुस्तक गृहीत धरून चालतं की पोराला बोलता येतं, फक्त वाचता येत नाही. आमच्याकडे उलटी गंगा. सहा महिन्यांत पोरं धडाधडा वाचायची आणि वाचलेल्यातलं त्यांना काही म्हणजे काही कळायचं नाही. पहिल्या वर्षी मी फसले. आख्खं पान न अडखळता वाचलं म्हणून एका पोराची पाठ थोपटली आणि विचारलं, "तुझं नाव काय?" तो उभा राहून खणखणीत म्हणाला, "तुझं नाव काय?" मागून सगळा वर्ग एका सुरात, "तुझं नाव काय?" मी रडायच्या बेतात आणि गुरुजी दारात उभे राहून मिशीत हसताहेत.

"बाई," ते म्हणाले, "पोरं तुमाले काही सांगून नाई राह्यली. तुमचा आवाज वापस करून राह्यली."

मला हे समजायला हवं होतं, कारण मीही त्याच वाटेने आलेली. घरी आम्ही हिंदी बोलायचो, गल्लीत झाडी बोली आणि पुस्तकात तिसरीच कुठली मराठी. पहिलीत ‘मला’च्या जागी ‘मले’ म्हटल्याबद्दल मी हातावर छडी खाल्लेली आहे. माझं मराठी वर्गात नाही, अब्बांच्या मशीनपाशी झालं. वडशाच्या नाटक कंपन्यांचे झगे, अंगरखे अब्बा शिवायचे. हिवाळा जवळ आला की मापं द्यायला नट यायचे आणि मापं देता देता संवाद घोटायचे. मी काजं करत ऐकायची. पाच-सहा वर्षं नुसती ऐकायची. मग एक दिवस एका नटाला ओळ आठवेना, ती मीच मागून सांगितली. अब्बांच्या हातातली कात्री थांबली होती!

म्हणून पाचव्या वर्षी दिवाळीनंतर मी दुकानातल्या उरल्यासुरल्या कपड्यांचं गाठोडं उचललं आणि शाळेत नेलं. राजाचा मखमली कोट, शिपायाचा पट्टा, एक फेटा. गाठोडं सोडलं आणि म्हटलं, घाला. कोण काय बनतो बघू. कोसा नावाचा तिसरीतला पोरगा, इतर वेळी भिंतीला चिकटून बसणारा, त्याने पट्टा बांधला, छाती काढली आणि माझ्याकडे बोट करून गरजला, "ए! टोपली खाली ठेव! काय आहे त्यात?"

मी चाटच पडले. संपूर्ण, बिनचूक, ठसक्यातलं मराठी! नंतर लक्षात आलं, हे जंगलखात्याच्या नाक्यावरचं मराठी होतं. या पोरांच्या कानावर मराठी पहिल्यांदा पडलं ते दटावणीचं. मग कोण कशाला आपणहून बोलेल? त्या दिवसापासून आमच्या वर्गात रोज बाजार भरला, दवाखाना उघडला, एसटी सुटली, आणि नाक्यावरचा शिपाईही आला. पण त्याला नियम घातला की आधी नमस्काराचा ‘जोहार’ म्हणायचं आणि मग टोपली बघायची. दोन महिन्यांत वर्गात इतका गलका व्हायला लागला की गुरुजींची पहिली-दुसरी पलीकडच्या खोलीतून पळून यायची. मला तर सकाळी कधी एकदा घंटा वाजते असं व्हायचं.

शिकवणं जमायला लागलं. मोजणं मात्र जमलं नाही, आणि आमच्या धंद्यात मोजल्याशिवाय गत नाही. ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे, असे तक्त्यात चार रकाने. प्रत्येक पोराच्या नावापुढे चार आकडे. मी आकडे टाकायची ते कसे, ते आता सांगायला लाज वाटते. ‘जंगलात काय काय असते?’ असा प्रश्न होता. पुस्तकातलं उत्तर वाघ, सिंह, हत्ती. कोसाने सत्तावीस नावं लिहिली, झाडांची, वेलींची, कंदांची, सगळी माडियात. ‘उत्तर मराठीत नाही’ म्हणून मी शून्य दिलं. गुरुजींनी पाटी हातात घेतली, सगळी वाचली आणि विचारलं, "बाई, यातली तुमाले किती येते?" मला दोन येत होती.

आणि मैनी. मैनीबद्दल सांगायचं म्हणूनच तर हे सगळं.

मैनी चौथीत होती आणि चार वर्षांत ती वर्गात एक शब्द मराठी बोललेली नव्हती. नाटकातही तिला झाड व्हायचं असे किंवा बैल. बाकी सगळं नीट. पाटी स्वच्छ, अक्षर टपोरं, डोळे माझ्या तोंडावर रोखलेले. एकदा मी वर्गात गंमत सांगत होते, तर शेवटचं वाक्य यायच्या आधीच ती खुदकन हसली. हसली म्हणजे कळलं ना? पण तक्त्यात हसण्याचा रकाना नव्हता. ‘बोलणे’खाली मी चारही वर्षं शून्य टाकत आले.

त्याच हिवाळ्यात रमजान आला. पोरं रोज माझ्यासाठी बोरं आणायची. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "आता नाही बाळांनो, रोजा आहे. सूर्य बुडाला की खाईन." दिवस मावळताना मी खोलीच्या दारात बसले होते, तर मैनी पानाचा द्रोण घेऊन समोर. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत उभी राहिली, मग द्रोण माझ्या हातात दिला आणि पळाली. महिनाभर रोज. आणि महिनाभर एकही पोर माझ्यासमोर पाणी प्यायलं नाही. मी आईला पत्रात कौतुकाने लिहिलं, पोरं किती गुणाची आहेत म्हणून. पण मैनीला माझं वाक्य अख्खं समजलं होतं, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मार्चमध्ये मैनीचा बाप लालसू शाळेत आला. आमची शाळा चौथीला संपायची. पुढे शिकायचं तर एटापल्लीला, आश्रमशाळेत राहून.

"पोरीले मराठी येते का, बाई?" त्याने माडियात विचारलं; गुरुजी मला मराठीत सांगत होते.

मी चाचरले. म्हटलं, "समजतं बहुतेक. बोलत नाही."

"मंग कायले पाठवू?" लालसू ओट्यावर बसला. "मी दवाखान्यात जातो, बाजारात जातो, नाक्यावर जातो. माह्या तोंडानं दुसराच माणूस बोलते. तो काय बोलला ते मले मालूम नाई. घरात एक जण तरी बोलनारा पायजे म्हनून पोरीले शाळेत टाकली. चार साल झाले. नाई बोलत त घरीच राहू दे. लहान्याले सांभाळन, बकऱ्या चारन." उठता उठता म्हणाला, "साहेब येते ना परीक्षेले? साहेब म्हनन येते, त पाठवतो. नाई म्हनन, त नाई."

झालं. माझी झोप उडाली. मैनीला बोलतं करायला मला तीन आठवडे होते, आणि चार वर्षांत जे झालं नाही ते तीन आठवड्यांत काय होणार? मग मी हुशारी लढवली. ‘बोलणे’त शून्य येणारच, तर ‘ऐकणे’त पैकीच्या पैकी मिळवून द्यायचे. सूचना ऐकून पोरांनी कृती करायची. एका पायरीची सूचना, एक गुण: ‘दार लाव’. दोन पायऱ्यांची, तीन गुण: ‘पाटी उचल आणि गुरुजींना दे’. आणि चार पायऱ्यांची सगळ्यात अवघड सूचना, पाच गुण. ती पोरांना आवडेल अशी हवी. होळीच्या सुट्टीत वडशाच्या बाजारात कैऱ्या दिसल्या आणि मी टाळीच वाजवली! टोपलीभर घेतल्या. ‘आंबा घे, फोड, मीठ लाव आणि खा.’ अशी चविष्ट परीक्षा कुणी घेतली आहे का कधी? येताना जीपमध्ये सगळ्यांना सांगत होते.

परीक्षेच्या दिवशी विस्तार अधिकारी साहेब घामाघूम होऊन आले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. गुरुजींनी वरण-भाताचं ताट वाढलं तर हात जोडून म्हणाले, "आज चतुर्थी आहे माझी. चहा चालेल." ओट्यावर गावातले आठ-दहा जण बसलेले, त्यांत लालसू. गुण मी भरायचे, सही साहेबांची.

मैनी पहिलीच. ‘दार लाव’ म्हणायचा अवकाश, दार लागलं. पाटी उचलली, गुरुजींना दिली. सुंदर! साहेबांनी मान डोलावली. मी लालसूकडे बघून घेतलं आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, "मैनी, टोपलीतला आंबा घे, फोड, मीठ लाव आणि खा."

तिने कैरी घेतली. दगडाने फोडली. मीठ लावलं. आणि हळूच परत टोपलीत ठेवली.

"खा," मी म्हटलं.

ती खाली बघत उभी.

"अगं, खा! तोंडात घाल!" मी खायची नक्कल करून दाखवली. नाही. पुढचा पोरगा बोलावला, त्यानेही कैरी फोडली, मीठ लावलं आणि ठेवली. तिसरी, चौथा, पाचवी. अकराच्या अकरा पोरांनी तेच केलं. टोपलीत मीठ लावलेल्या अकरा कैऱ्या आणि माझं तोंड कैरीहून आंबट.

"मॅडम," साहेब शांतपणे म्हणाले, "साधी क्रियापदं समजत नाहीत यांना. सूचना अपूर्ण. शून्य टाका."

मी टाकलं. माझ्या हाताने, मैनीच्या नावापुढे शून्य. ओट्यावर लालसूने गमछा झटकून खांद्यावर टाकला आणि तो उठला. त्याला उठताना बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. सगळा राग त्या पोरीवर निघाला. "चार वर्षं शिकवलं गं तुला! इतकंही नाही समजत? हे बघ, खाणं म्हणजे हे!" असं म्हणत मी तिचीच कैरी उचलली आणि तोंडाकडे नेली.

"खाऊ नको, बाई!"

माझं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून मैनी ओरडली होती. मैनी!

"खाऊ नको! पंडुम नाई झाला. तू खाल्ली त तुले होईन काहीतरी. गावाले होईन. ठेव थे खाली!"

माझा हात तसाच हवेत, कैरी हातात, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. बोलली! आणि काय बोलली! ‘खाल्ली तर होईल’ असं जर-तरचं अख्खं वाक्य. वर्गात पुस्तकी मराठी शिकवताना माझ्या तोंडून जी वडशाची झाडी निसटायची ना, ती तिने चार वर्षं वेचून ठेवली होती. ‘तुले’ म्हणाली, अगदी माझ्यासारखं.

"पंडुम म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं. मला नाही, मैनीला.

मैनीने माझं मनगट सोडलं नाही. त्यांच्याकडे न बघता सांगू लागली. "नवा आंबा. आधी गाव देवाले देते. सगळे जमते. पुजारी देते. मंग खाते. पंडुमच्या आधी खात नाई." आणि मग काय विचारता, बांध फुटावा तसं झालं. कोसा तिसरीतून धावत आला, "मर्का पंडुम, साहेब! मर्का म्हंजे आंबा!" दुसरा म्हणाला, "आमचा पंडुम मंग होते, चांद पाहून." तिसरी म्हणाली, "फोडाले चालते, खाले नाई चालत." अकरा पोरं साहेबांना घेरून मराठीत समजावताहेत, एकमेकांची वाक्यं दुरुस्त करताहेत, आणि साहेब एकेकाकडे मान वळवून थकले! मी वेड्यासारखी हसत होते आणि रडत होते.

थोड्या वेळाने साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "मॅडम, हे सगळं ठीक आहे. पण कागदावर सूचना आहे ‘खा’. आणि मुलांनी खाल्लं नाही. मी काय लिहू?"

रामटेके गुरुजी इतका वेळ कोपऱ्यात उभे होते. ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "साहेब, मघाशी मी तुमाले म्हटलं, जेवा. तुमी ताटाले हात नाई लावला. तुमाले मराठी समजत नाई, असं लिहू का मी?"

साहेब असे हसले की खुर्ची हलली. तक्ता माझ्याकडून घेतला, स्वतःच्या पेनाने शून्य खोडलं, पाच केले आणि शेरा लिहिला: ‘सूचना समजली. कारण सांगून नकार दिला.’ खाली दहा वेळा तोच शेरा. ‘बोलणे’च्या रकान्यापाशी थांबून मैनीला म्हणाले, "आणि इथे किती देऊ?" मैनीने ओट्याकडे बघितलं.

लालसू दारात उभा होता. गमछा तोंडाला लावलेला. "साहेब, आकडा काई पन लिवा," तो माडियात म्हणाला आणि गुरुजींनी सांगितलं. "मी ऐकली."

मला त्या आनंदात एक काटा टोचत होता आणि अजून टोचतो. महिनाभर मी समोरचं पाणी नाकारलं तर या पोरांनी मला एकदाही ‘काऊन’ विचारलं नाही. आणि त्यांनी एक कैरी नाकारली तर मी त्यांना शून्य दिलं. गावातल्या पंडुमबद्दल मी ऐकलेलं नव्हतं असंही नाही. पाच वर्षांत चार वेळा झाला होता, माझ्या डोळ्यांदेखत. मी त्या दिवशी शाळेला सुट्टी मांडायची आणि वह्या तपासत बसायची.

त्या वर्षी मी गेले. पुजाऱ्याने देवाला आंबे वाहिले, ढोल वाजले, सगळ्यांबरोबर मी बसले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेत पोरांनी कैऱ्यांची टोपली आणून ठेवली आणि मैनी राजाचा मखमली कोट घालून माझ्या खुर्चीवर बसली. हातात पाटी. मला समोर उभं केलं.

"आता बाईची परीक्षा," ती म्हणाली आणि माडियात एक लांबलचक सूचना दिली.

मला त्यातला ‘मर्का’ तेवढा कळला. कैरी घेतली. सगळे टाळ्या वाजवायला लागले, त्यामुळे मला हुरूप आला. फोडली. मीठ लावलं. आणि झोकात मोठा घास घेतला, तसा वर्गात एकच आरडाओरडा! पोरं जमिनीवर लोळायला लागली. गुरुजी बिचारे हात पुढे करून उभे होते. सूचना होती, मीठ लाव आणि गुरुजींना दे.

मैनीने पाटीवर गंभीरपणे काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे धरली. माझ्यासारखेच आखलेले रकाने. ‘ऐकणे: एक. बोलणे: शून्य.’

"बाई, तू नापास," ती म्हणाली. "अजून एक साल इथीच बस."

अब्बांनी लिहून पाठवलेला अर्ज टेबलाच्या खणात होता, फक्त सही राहिली होती. तो खणातच राहू दिला. जूनमध्ये लालसू डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन दोन्ही नाले ओलांडून गेला, आणि मैनी पुढे चालत होती, एटापल्लीला जायला. मी नापास झालेली, म्हणून मागे राहिले.